गार पाण्याचा मिस्त्री

उत्तर थायलंडमधल्या फयावला थंडी पडली की बुन्थोम मिस्त्रीला कामाची कमतरता नसायची, कारण गावातल्या सगळ्यांना आपापले गिझर एकाच आठवड्यात आठवायचे. त्या वर्षी मात्र तो चियांग माईला जाऊन घरगुती विजेच्या सुरक्षेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला आणि तिथेच घोटाळा झाला. मिळालेलं प्रमाणपत्र त्याने बायकोच्या, चान्ताच्या, नूडल्सच्या गाड्यावर पदार्थांच्या दरांच्या पाटीशेजारी लावलं. गिऱ्हाइकं ते वाचून विचारायची, "हा नवीन पदार्थ का?"

गावातल्या निम्म्या घरांत गिझरला अर्थिंग नव्हतं. हे बुन्थोमला आधीही ठाऊक होतं, कारण त्यातले बरेचसे गिझर त्यानेच बसवले होते. तेव्हा लोक म्हणायचे, एवढी वायर कशाला, आणि तोही म्हणायचा, बरं. आता त्याला त्याची लाज वाटू लागली होती, आणि शिवाय त्या विषयावर बोलायला दोन दिवसांची शब्दसंपत्तीही मिळाली होती.

पहिला प्रयोग त्याने इनसोमकाकांवर केला. न्हाणीघरातल्या नळाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"बघा काका, नळात करंट आहे."

"टेस्टर कुणाचा?"

"माझा."

"मग तो बिघडला असेल. मी अकरा वर्षं इथेच आंघोळ करतोय."

"पण एखाद्या दिवशी काही झालं तर?"

"एखाद्या दिवशी सगळ्यांनाच काहीतरी होतं. खर्च किती म्हणालास?"

"नऊ हजार आठशे बात, सगळ्या घराचं."

काकांनी त्याच्या हातात दोन पेरू ठेवले आणि त्याला अगदी प्रेमाने फाटकापर्यंत सोडलं.

त्या आठवड्यात असे आणखी चार जण झाले. कुणी म्हणालं भाताचे पैसे आल्यावर बघू, कुणी म्हणालं मुलगा बँकॉकहून आला की विचारते. चान्ताने रस्सा ढवळता ढवळता निदान केलं, "किंमत सांगताना तुझा चेहरा चोरासारखा होतो. लोकांना वाटतं, आपल्यालाच लुटायला आलाय."

बुन्थोमला ते पटलं नाही. त्याच्या मते आपण लोकांना पुरेसं घाबरवत नव्हतो. म्हणून त्याने एक भाषण बसवलं. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना तो ते म्हणून बघायचा. ओले पाय, उघडी पाठ, छातीतून जाणारा करंट, आणि दाराबाहेर हाका मारणारी घरची माणसं. कोंबड्या पांगायच्या, तेव्हा त्याला भाषण जमत चाललंय असं वाटायचं.

ते भाषण त्याने सीनुआनबाईंना ऐकवलं. बाईंनी त्याला तिसरीत शिकवलं होतं. आता त्या निवृत्त होऊन एकट्याच राहत होत्या. त्यांच्यासमोर उभं राहिलं की शेहेचाळीस वर्षांच्या बुन्थोमचा हात आपोआप शर्ट खोचायला जायचा. बाईंनी पाऊण तास हनुवटीला हात लावून, शेवटच्या खर्चाच्या आकड्यासकट, सगळं ऐकून घेतलं.

"छान बोललास," त्या म्हणाल्या. "तिसरीत तुला चार ओळी पाठ होत नव्हत्या. म्हणजे हे यंत्र माणूस मारतं तर."

"मारू शकतं, बाई."

"आणि गार पाण्याने आंघोळ केली तर?"

"तर काही होत नाही."

"त्याला किती खर्च येतो?"

बुन्थोमने बराच विचार केला. पण दुसरं उत्तर सापडेना. "काही नाही," तो म्हणाला.

"मग तेच करू. जाताना तो खटका बंद करून जा."

पुढच्या पूजेला बाईंनी देवळात ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. बाईंचं सांगणं म्हणजे निम्म्या गावाला अजून गृहपाठासारखं. आठ दिवसांत चौदा घरांतले गिझर बंद झाले. बुन्थोमच्या आयुष्यात त्याच्या बोलण्याचा एवढा परिणाम कधी झाला नव्हता, आणि त्यातून एक बातही हाती आला नव्हता. उलट जे दुरुस्तीचं काम एरवी मिळायचं, तेही गेलं. गाव खोकू लागलं. औषधाच्या दुकानात त्याच्याकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणालं, "तो बघ, गार पाण्याचा मिस्त्री." चान्ताने विचारलं, गाड्यावर सर्दीच्या गोळ्या ठेवायच्या का, निदान एका तरी धंद्यात बरकत येईल.

पंधरा दिवसांनी बाईंच्या ओसरीवरची ट्यूब बदलायला तो गेला. हात धुवायला न्हाणीघरात डोकावला आणि दारातच थबकला. ओल्या फरशीवर एक्स्टेन्शन बोर्ड पडला होता, त्याच्या वायरीला चिकटपट्टीने बांधलेला जोड होता, आणि बोर्डवर विजेची किटली खदखदत होती.

त्याने आधी खोलीत जाऊन भिंतीतला प्लग ओढला. मग विचारलं, "बाई, हे काय?"

"गार पाण्याने गुडघे धरले माझे. म्हणून किटलीत थोडं तापवते. तुझ्या त्या मारक्या यंत्राला मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

बुन्थोम पायरीवर बसला. भाषणातला शब्द न् शब्द बाईंनी ऐकला होता, लक्षात ठेवला होता आणि त्याप्रमाणे त्या वागल्या होत्या. त्यांना काही झालं असतं तर ते त्याच्या वक्तृत्वाने झालं असतं.

"बाई, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," तो म्हणाला. "दोष गिझरचा नाही. आणि ही किटली तर गिझरपेक्षा वाईट. बसवताना मी अर्थिंगची वायर टाकली नाही, तो दोष माझा."

"मग आता काय करायला हवं? थोडक्यात सांग."

"एक हिरवी वायर जमिनीत न्यायची. करंट गळला तर तो तिकडून जातो. आणि एक स्विच बसवायचा. गळती झाली की तो आपोआप बंद होतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग त्या दिवशी पाऊण तास काय बोलत होतास?"

बुन्थोमने किटलीची वायर गुंडाळायला घेतली.

"आणि नऊ हजार आठशे तू एका दमात म्हणालास," बाई म्हणाल्या. "त्याच्या पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. त्यात आंघोळीपुरतं किती?"

काम असं तोडून सांगायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्याने ट्यूबच्या खोक्यावर पेन्सिलीने लिहून काढलं. आंघोळीपुरतं तीन हजार दोनशे. मग स्वयंपाकघर. मेन बोर्ड सगळ्यात शेवटी.

"पहिलीच्या मुलांना एका दिवसात चौथीपर्यंत नेतं का कुणी?" बाई म्हणाल्या. "पहिलं आज कर. दुसरं पुढच्या पेन्शनला. आणि मजुरी कमी कर, वायर टाकायला तूच विसरलास."

त्याने मजुरी घेतलीच नाही.

अर्थिंगची तांब्याची सळई जमिनीत ठोकायला दुपार गेली. माती विटेसारखी कडक होती आणि त्याचा तिसरा घाव सळईपेक्षा अंगठ्यावर जास्त बसला. आवाज ऐकून शेजारी कुंपणाशी जमले. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं, पण बुन्थोमला दम लागला होता. बाईंनीच दोन वाक्यांत सांगितलं, करंटला जमिनीत जायची वाट करतोय, तीन हजार दोनशे, बाकीचं हळूहळू. किटलीचंही सांगून टाकलं, आणि कुणी तसं करत असेल तर आजच बंद करा म्हणाल्या. बुन्थोम ठोकत राहिला. थोड्या वेळाने कुंपणापलीकडून एक शेजारीण म्हणाली, "मिस्त्री, आमच्याकडे कधी येता?"

अंगठा तोंडात असल्यामुळे त्याला नुसती मान डोलावता आली, आणि तेच बरं झालं.

फेब्रुवारीपर्यंत नऊ घरं झाली. इनसोमकाका काही बधले नाहीत, त्यांनी पुन्हा पेरू दिले. उरलेल्या घरांची एकच अट असायची, समजवायला बाईंना घेऊन ये. म्हणून बुन्थोम त्यांना स्कूटरवर मागे बसवून न्यायचा. बाई दोन वाक्यं बोलायच्या आणि तो सळई ठोकायचा.

शेवटच्या, पलीकडच्या गावातल्या घरी काम संपल्यावर तिथल्या म्हाताऱ्या यजमानाने पैसे दोन्ही हातांनी, अदबीने बाईंच्या हातात दिले. मग बुन्थोमकडे वळून त्याला पाण्याची एक बाटली दिली.

"तुमचा गडी कामाचा आहे," तो बाईंना म्हणाला. "बोलत नाही फारसा."

"मी सांभाळून घेते," बाई म्हणाल्या.

बुन्थोमने पाणी पिऊन टाकलं आणि स्कूटर सुरू केली.