प्रेमाने तपासले

“मॅडम, ही बघा,” म्हणत प्रेमाने जीभ बाहेर काढली. लालभडक झाली होती.

उत्तरा मॅडमनी तोंड फिरवलं. “शी! मावशी, किती वेळा सांगितलंय, ओल्या फडक्याने पुसून बघायचं. चाटायचं नाही.”

“पोरं काय फडक्याने पुसतात? पोरं चोखतात.”

मरोळच्या त्या गाळ्यात लाकडी खुळखुळे तपासून डब्यात भरले जात. प्रत्येक खेपेतले चार-पाच खुळखुळे प्रेमा स्वतःच्या तोंडात धरून बघायची. सहा वर्षं. कोणी शिकवलं नव्हतं. तीन पोरं वाढवली होती, तेवढं पुरे होतं.

आधीचा रंग लाखेचा, हळदीचा. फिकट, कुठे दाट तर कुठे पातळ. जिभेला लागायचा नाही. पण माल परत येऊ लागला. आयांच्या तक्रारी मॅडम मोबाइलवरून वाचून दाखवायच्या. ‘डाग आहेत.’ ‘जुना वाटतो.’ ‘एवढं महाग, आणि क्वालिटी नाही.’ ह्या लोकांना सगळं झाडापासून हवं, फक्त ते झाडासारखं दिसता कामा नये! मग मॅडमनी रंग बदलला. चकचकीत, एकसारखा. डबा मात्र तोच, मातकट पुठ्ठ्याचा, सुतळी बांधलेला, वर हिरवं पान. तक्रारी थांबल्या. पानाकडे बघून आया विश्वास ठेवायच्या आणि चकाकी बघून क्वालिटी म्हणायच्या. चाटून एकीनेही बघितलं नाही.

“ह्या खेपेचा लॅबचा रिपोर्ट यायचाय,” मॅडम म्हणाल्या. “पण आज चारशे डबे गेलेच पाहिजेत.”

“मग आतलं कार्ड काढा.”

प्रत्येक डब्यात एक कार्ड असायचं. त्यावर छापलेलं, ‘प्रेमाने तपासले’.

“कार्ड कशाला काढू? लोकांना तेच आवडतं.”

“माझं नाव आहे त्याच्यावर.”

मॅडम हसल्या. “अहो मावशी, ते तुमचं नाव नाही. प्रेमाने म्हणजे मायेने. लव्ह!”

पहिली कार्डं छापून आली तेव्हा ह्याच मॅडम म्हणाल्या होत्या, ‘बघा, तुमचं नाव घरोघरी जाणार.’ एक कार्ड प्रेमाने घरी नवऱ्याच्या फोटोशेजारी चिकटवलं होतं.

“मावशी, बस ना खाली,” शेजारची जान्हवी कुजबुजली. “वाट लागेल तुझी. ह्या वयात कोण देणार दुसरं काम?”

“काय गो, तुझ्या पोरीच्या तोंडात देशील हा?”

जान्हवी मान खाली घालून सुतळी कापत राहिली.

प्रेमाने मोरीवर जाऊन चूळ भरली. एकदा, दोनदा, चारदा. मग एप्रन खुंटीला लावला, पिशवी घेतली. मॅडमनी तिला थांबवलं नाही.

“जान्हवी, तू बस गं तिकडे.”

जान्हवी उठून प्रेमाच्या खुर्चीत बसली. तिने एक खुळखुळा उचलला, प्रेमाचं बघून बघून झालेल्या सवयीने ओठांपर्यंत नेला. दारात चपला घालता घालता प्रेमा थांबली.

जान्हवीने तो तोंडाला लावला नाही. डब्यात ठेवला, वर कार्ड टाकलं आणि सुतळीला गाठ मारली.