फेकायचं पाणी

दोघा भावांतल्या मोठ्याला यातून मिळवायचं होतं ते एवढंच: गावाच्या कोठाराची किल्ली, लोकांनी उठून उभं राहत केलेला नमस्कार, आणि सात वर्षं ‘लाखवाला’ म्हणून खिजवणाऱ्यांनी पदर पसरून दारात येणं. माणूस हावरट नव्हता. फक्त मोठेपणाची भूक पोट भरल्यावरही राहायची.

सात वर्षं तो खडकाळ उतारावर लाख पेरत होता. वाटाण्याच्या जातीचं हे कडधान्य पणजोबांच्या काळात घरोघर असायचं. मग सगळे बाजारच्या बियाण्याकडे वळले आणि लाख गुरांच्या तोंडी गेली. ओळीने दुसऱ्या साली पाऊस फिरकला नाही. सगळ्यांची शेतं करपली, लाख तेवढी निळी फुलं मिरवत उभी राहिली. पोती कोठारात लागली, किल्ली मोठ्याच्या कमरेला लागली.

माशी शिंकली ती आत्यापाशी. घरातलं सगळ्यात जुनं माणूस. ती म्हणाली, लाख भिजवायची, पाणी फेकायचं, असं तीनदा. चौथ्या पाण्यात शिजवायची, आणि रोज तर खायचीच नाही. नाहीतर ती पाय मागते.

मोठ्याने हिशेब मांडला. घरटी दोन हंडे पाणी, तेही टेकडीपलीकडच्या विहिरीचं. त्यातला एक मोरीत ओतायचा? त्याने माप घालताना सगळ्यांना सांगितलं: एकदाच भिजवा, त्याच पाण्यात शिजवा, वरचं पाणी शेळीला पाजा. लोकांना लगेच पटलं. तहानलेल्याला पाणी न फेकण्याचा सल्ला कधी कडू लागत नाही.

“शेतात जिने पाणी मागितलं नाही, ती चुलीपाशी मागतेय,” आत्या म्हणाली. “देऊन टाक बाबा.”

“आत्या, तुझ्या काळात विहिरी भरलेल्या होत्या.”

“आणि म्हातारी माणसं चालत होती.”

मधल्या भिंतीपलीकडे धाकट्या भावाची वेगळी चूल होती. कावडीने अर्ध्या गावाचं पाणी तोच वाहायचा, दिवसाला चार खेपा. राबणाऱ्याला भूक जास्त, म्हणून त्याच्या ताटात डाळ दुप्पट. ‘दादाने पेरलं ते माझ्या पोटात उगवतंय,’ म्हणत तो मिशा पुसायचा. सगळं गाव हसायचं.

दोन महिन्यांनी एका सकाळी मोठ्याची शेळी मागचे पाय फरफटवत दारात आली. मोठा बघत राहिला. मग त्याने तिला चाऱ्याच्या खोपटात बांधलं आणि पायात काटा गेलाय म्हणून घरात बायकोला, आत्याला सांगितलं.

पण शुक्रवारी शेतीखात्याचे साहेब येणार होते, लाख पाहायला, बारा गावांसाठी बियाणं न्यायला. आज तोंड उघडलं तर सात वर्षं पाण्यात. शुक्रवार झाला की सांगू, त्याने ठरवलं. तोवर आपल्या घरात तीन पाणी फेकायला काय हरकत? त्याने धाकट्याला दोन हंडे जास्त आणायला सांगितले. धाकट्याने कशाला म्हणून विचारलं नाही. पाचवी खेप सुरू केली, आणि ताटात आणखी एक पळी वाढून घेतली.

शुक्रवारी साहेब कोठारासमोर पोती टिपून घेत असताना धाकटा टेकडी उतरताना दिसला. चवड्यांवर चालत होता, गुडघे एकमेकांना घासत होते. हा सोंगच करतोय म्हणून लोक खदाखदा हसले. तोही हसला. मग कावड कलंडली आणि तो सांडलेल्या पाण्यात बसला.

“दादा,” तो म्हणाला, “पाय ऐकत नाहीत रे.”

मोठ्याने तेव्हा सांगितलं. सगळ्यांदेखत, शेळीसकट. साहेबांनी वही मिटली. हसणारं कोणी उरलं नाही.

गेलेले पाय या दुखण्यातून परत येत नाहीत. गावात नऊजण काठीवर आले, नऊही राबणारे. उरलेल्या पोत्यांना आता तीन पाणी मिळतं. ते मोठा आणतो, दिवसाला दोनच खेपा होतात. किल्ली अजून त्याच्याच कमरेला आहे. तो दिसला की नमस्काराला ते नऊजण उठत नाहीत, उठता येत नाही. मोठा, त्याची बायको आणि आत्या, तिघांचे सहा पाय शाबूत. त्यांच्या ताटासाठी आणलेले जादा हंडे धाकट्याच्या दोन पायांतून वळते झाले.