उघडं फाटक

मित्रांनो, टिरोलच्या डोंगरांत हिंटरलान नावाचं गाव आहे. तिथल्या एका लाकडी पडवीत राहणारी मी चौदा वर्षांची सायकल. खडीच्या वाटेची सायकल म्हणा हवं तर. डांबरी रस्ता मला आवडत नाही आणि मोटारींचं तर तोंडसुद्धा बघवत नाही.

मला कुठल्या कारखान्यानं नाही, कासियन नावाच्या वेल्डरनं घडवलं. एरवी तो गुरांच्या गाड्या आणि दुधाच्या टाक्या जोडायचा. खालच्या मोठ्या रस्त्यावर एकदा एका ट्रकनं त्याला गटारात लोटलं, तेव्हा त्यानं ठरवलं, आता सायकल चालवीन ती मोटार येत नाही तिथंच. म्हणून त्यानं पोलादी नळ्या आणून मला जोडलं. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वाकवलं आणि रुंद, दातेरी टायर चढवले. मला पाहून लोक म्हणायचे, "कासियन, ही सायकल आहे की नांगर?" तो हसायचा. तो माझी साखळी दर शनिवारी पुसायचा. ते दिवस सुखाचे होते.

पुढं त्याची पाठ गेली आणि मी एका लॉजवर भाड्यानं फिरणारी सायकल झाले. त्या तीन वर्षांबद्दल न बोललेलंच बरं. पाहुणे चिखलासकट मला कोपऱ्यात टाकायचे. ब्रेक रडायला लागले तरी कुणाचं लक्ष नाही. मग लॉजच्या बावीस खिडक्यांचे पडदे शिवून दिल्याबद्दल मालकानं मला बुर्गल नावाच्या बाईला देऊन टाकलं. उपकार केल्यासारखा चेहरा करून दिलं, पण दिलं.

बुर्गल तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. शिवणकाम करून एकटी राहायची. जन्म शेतावरचा, पण इकडच्या रीतीप्रमाणे शेत, गुरं आणि वरच्या कुरणातला वाटा सगळं थोरल्या भावाला, गेबहार्डला गेलं. तिच्या वाट्याला शिवणयंत्र आलं. उजवा गुडघा तर पार कामातून गेला होता. अर्धा तास चढण चालली की तो सुजायचा, पण पायडल मारताना मात्र कुरकुर करायचा नाही. त्यामुळे जिथं ती लहानपणी गुरांमागं धावली होती त्या कुरणापर्यंत पोचायला तिच्याकडं एकच साधन होतं, मी. आणि एकच वाट होती, जंगलातून वर जाणारी नऊ किलोमीटरची खडीची वाट. ती वाट कुरणाच्या भागीदारांची. त्यांनी सायकलींना परवानगी दिली होती म्हणून आम्ही जायचो.

दर गुरुवारी आम्ही वर जायचो. वर वेंडेलिन असायचा. वय एकाहत्तर, चाळीस उन्हाळे भागीदारांची गुरं राखणारा गुराखी. बुर्गल त्याला आठवड्याचं वर्तमानपत्र आणि यीस्ट नेऊन द्यायची. तो तिला ताक आणि राईच्या पावावर धुरी दिलेलं डुकराचं मांस द्यायचा. दोघं बाकावर बसून गावातल्या प्रत्येकाला नावं ठेवायची. मी भिंतीला टेकून ऐकायची. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तेच.

आता मुद्द्याचं सांगते. कुरणावर पाच फाटकं आहेत. उघडलं की लावायचं, हे इथल्या पोरांना चालायला लागण्याआधी शिकवतात. बुर्गल सहा वर्षांची असताना तिनं एक फाटक उघडं टाकलं होतं, तेव्हा बापानं तिला अशी थोबाडीत मारली होती की ती आठवण गालावर नाही, हातात राहिली. फाटक दिसलं की तिचा हात आपोआप कडी लावायचा. मनाला विचारायचासुद्धा नाही.

गेल्या ऑगस्टातला एक गुरुवार. आम्ही वर गेलो, तर वेंडेलिन झोपडीवर नव्हता. तो वासरं गोळा करायला पलीकडच्या उतारावर गेला होता, हे आम्हाला काय माहीत! त्याला शोधत बुर्गल सगळ्यात वरच्या फाटकापर्यंत गेली. ते फाटक सताड उघडं होतं. पलीकडं झऱ्यापर्यंत जाऊन तिनं हाका मारल्या. उत्तर आलं नाही आणि आभाळ काळं व्हायला लागलं. वर्तमानपत्र पिशवीतच ठेवून ती परतली आणि फाटकाची कडी घट्ट लावली. वर पुटपुटलीसुद्धा, काय एकेक अडाणी पाहुणे येतात म्हणून. मी तिथंच खांबाला टेकले होते.

पण ते फाटक वेंडेलिननं मुद्दाम उघडलं होतं. उन्हाळ्यात मध्येच बर्फ पडणार असेल तर वरची वाट मोकळी ठेवतात, म्हणजे गुरं आपली आपण खालच्या रानाच्या आडोशाला उतरतात. त्या रात्री बर्फ पडला. गुरं खाली आली आणि बंद फाटकाशी अडली. रेटारेटीत पुढची गाय, नेल्के, कडेवरून घसरून घळीत पडली. सकाळी वेंडेलिनला ती मेलेली सापडली. गाय गेबहार्डची होती, कळपाची म्होरकी.

शुक्रवारी बेकरीत ही बातमी बुर्गलच्या कानावर आली. ती पाव न घेताच घरी आली, पडवीत माझं हँडल धरून उभी राहिली. तिला कळलं होतं. मलाही.

तिनं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कुरणाच्या फाटकाला सायकलवाल्याचा हात लागला एवढं कळलं असतं, तरी भागीदारांनी वाट बंद केली असती. काही जण तर कित्येक दिवसांपासून असं निमित्तच शोधत होते. वाट बंद म्हणजे कुरण बंद. म्हणून ती गप्प बसली. मी तिची बाजू घेत नाही. काय घडलं तेवढं सांगते आहे.

वेंडेलिन म्हणत राहिला, फाटक मी उघडलं होतं. लोक मान हलवायचे, पण कुणाला खरं वाटत नव्हतं. त्या दिवशी वर कुणी गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. वर्तमानपत्र मिळालं नव्हतं, म्हणून बुर्गलही आली नसेल असं वेंडेलिननं धरलं होतं. म्हातारपण आहे, उघडायला विसरला असेल, होतं असं, म्हणायचे. शिव्या दिल्या असत्या तर त्याला परवडलं असतं.

तीन आठवड्यांनी बुर्गलला राहवलं नाही, म्हणून आम्ही वर गेलो. झोपडीचं दार उघडं होतं, मला आतली भिंत दिसत होती. भिंतीवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. चूल विझवली. मीठ घातलं. खालचं फाटक पाहिलं. खालचं फाटक पुन्हा पाहिलं. वेंडेलिननं तिला ताकाचा पेला दिला, आत गेला आणि दुसरा पेला भरून घेऊन आला.

पहिला तिच्या हातात बघून तो थबकला. म्हणाला, "बुर्गल, खरं सांग. मी हल्ली असं करतो का गं?"

तिनं पेला बाकावर ठेवला आणि मला भिंतीपासून ओढून घेतलं. उतरताना तिनं ब्रेक असे आवळून धरले होते की ते तापले.

त्या रविवारी प्रार्थनेनंतर खाणावळीच्या अंगणात भागीदारांची बैठक होती. बुर्गलनं मला हौदापाशी उभं केलं आणि ती मागं उभी राहिली. गेबहार्ड प्रमुख होता. पुढच्या उन्हाळ्यासाठी दुसरा गुराखी बघावा लागेल, वेंडेलिनचं डोकं आता साथ देत नाही, त्यात त्याचा दोष नाही, असं तो सांगत होता. वेंडेलिन टोपी मांडीवर ठेवून खाली बघत होता.

"फाटक मी लावलं," बुर्गल म्हणाली.

गेबहार्डनं वळून पाहिलं. "तू कशाला मध्ये बोलतेस? तुझा वाटा आहे का कुरणात?"

"वाटा नाही, हात आहे. त्याच हातानं लावलं. गुरुवारी दुपारी, या सायकलवरून गेले होते. आणि तीन आठवडे तोंड शिवून बसले. तुझी गाय माझ्यामुळं गेली, गेबहार्ड."

वेंडेलिननं मान वर केली. मला वाटलं, आता हा तिला बोलणार, आणि बोलला असता तर ते बरोबरच होतं.

"म्हणजे मी उघडलं होतं," तो म्हणाला. मग शेजाऱ्याकडं वळून पुन्हा, "मी उघडलं होतं रे." आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला.

वेंडेलिन कामावर राहिला. सायकलींना मात्र बंदी झाली. नियम सगळ्यांना सारखा, माझ्या बहिणीलासुद्धा, असं गेबहार्ड म्हणाला, आणि बुर्गलनं वाद घातला नाही. उन्हाळ्यात एकही जनावर दगावलं नाही तरच आमच्याकडं गायींना फुलांचे मुकुट घालून खाली आणतात. त्या वर्षी कळप मोकळ्या डोक्यानं उतरला. बुर्गल खिडकीतून बघत होती. वेंडेलिन समोरून गेला, पण थांबला नाही. मी हिवाळाभर खिळ्याला टांगलेली होते. टायर मऊ पडले, साखळीवर गंज चढला.

जूनमध्ये, गुरं वर न्यायच्या आदल्या दिवशी, वेंडेलिन पडवीत आला. त्यानं मला खिळ्यावरून काढलं आणि तेलाची डबी मागितली.

बुर्गल म्हणाली, "अरे, बंदी आहे ना?"

"नियम दोनदा वाचला मी. सायकल चालवायला बंदी आहे. तिच्यावर टेकून चालायला नाही."

"गुडघा घेऊन? दिवस जाईल माझा."

"जाऊ दे. माझ्याकडं आहे दिवस."

नऊ किलोमीटरला आम्हाला साडेचार तास लागले. बुर्गल माझ्यावर सगळा भार टाकून चालत होती, दर वळणावर बसत होती, आणि तो कुरकुर न करता थांबत होता. वरच्या फाटकाशी तिचा हात कडीकडं गेला आणि मध्येच थांबला. तिनं वळून विचारलं, "लावू की राहू देऊ?"

"लाव," तो म्हणाला, आणि तिनं लावलं.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना तेलपाणी करा, चिखलात टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण कुरणात गेलात, तर ज्याचं फाटक त्याला आधी विचारा. आणि चूक झालीच, तर तीन आठवडे थांबू नका. तेवढ्या दिवसांत एका माणसानं भिंतभर चिठ्ठ्या लावल्या होत्या.