टाकीमागचा वारा

१७ मे. सकाळी वारा पडलेला असताना गच्चीवरच्या छोट्या पवनचक्कीची पाती उतरवायला घेतली. पहिलं पातं हातात आलं आणि बुडाशी साठलेल्या ग्रीसचा वास आला. दादाच्या शर्टाच्या बाह्यांना यायचा तोच, किंचित गोडसर आणि लोखंडी.

दादा माझा मोठा भाऊ. हडपसरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर कोथरूडला माझ्याकडे आला आणि शेवटपर्यंत पाहुण्यासारखा राहिला. हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हासारखा तो घरात वावरायचा, कडेकडेने, जमिनीलगत, कुणाच्या डोळ्यांवर न येता. सोफ्याच्या टोकाला बसायचा. चपला दारामागे ठेवायचा. नळाखाली भांडं असं तिरपं धरायचा की पाण्याचाही आवाज होऊ नये. वाऱ्याशी मात्र त्याचं उघड सख्य होतं. वैशाखाच्या कलत्या दुपारी पश्चिमेकडून झुळूक निघाली की ओलं बोट वर करून, मान कलती ठेवून तो उभा राही. लांबच्या खोलीतून कुणी आपल्याला हाक मारली का, हे ऐकणाऱ्या माणसासारखा.

गेल्या उन्हाळ्यात त्याने ही चक्की आणली. जिन्यातला एक दिवा तिच्यावर लावायचा, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी देशमुखकाका म्हणाले, "पंखा विजेवर चालतो हे माहीत होतं. आता पंख्यावर वीज चालते का तेही बघू. फक्त रस्त्यावरून दिसायला नको." सगळे हसले. दादाही हसला, आणि त्याने खांब पाण्याच्या टाकीमागे रोवला, जिथून चक्की कुणालाच दिसत नव्हती, वाऱ्यालाही नाही. आषाढात अख्खी गच्ची फडफडत असताना पाती अर्धा वेढा घेत आणि थांबत. जागा बदल म्हटलं, तर म्हणाला, "असू दे गं शालू. कुणाची अडचण नको."

मार्गशीर्षात तो गेला.

परवा काकांनी कळवलं, चालत नसेल तर पावसाळ्याआधी चक्की भंगारात द्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण आधी वारा बघावा, एवढी अक्कल होती. जुन्या ओढणीच्या पट्ट्या काठ्यांना बांधून गच्चीभर उभ्या केल्या. टाकीमागची पट्टी स्वतःभोवती गुरफटून लोंबत राहिली. पश्चिमेच्या कोपऱ्यात, जुन्या अँटेनाच्या चौथऱ्यावरची, ताठ आडवी झाली. बोटाच्या टोकावर वारा ओळखणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, असं कसं म्हणू? आयुष्यभर स्वतःसाठी घेतली तसलीच जागा त्याने चक्कीला दिली होती.

पाती उतरली, पण खांब एकटीला पेलेना. काकांना फोन केला. चक्की रस्त्याच्या बाजूला हलवते आहे, परवानगी मागत नाही, खांब धरायला या, असं सांगितलं. ते आले. चौथरा पाहिला, वाकून खालचा रस्ता पाहिला.

"दिसणार," ते म्हणाले.

"दिसू दे."

त्यांनी बाह्या वर केल्या.

दुपारपर्यंत खांब नव्या जागी घट्ट झाला, ताणाच्या तारा ओढून झाल्या, पाती पुन्हा चढवली. संध्याकाळी वारा सुटला. पाती आधी चाचपडली, मग त्यांची वेगवेगळी रूपं विरघळून एकच राखाडी वर्तुळ झालं आणि त्यातून, कुणी ओठ मिटून गुणगुणावं तसा, बारीक अखंड सूर निघाला. जिन्यात दिवा लागला. काका खालच्या मजल्यावरून दोन क्षण बघून आत गेले. ही बातमी ज्याला सांगायची, तो घरात नव्हता. मी दार लावून घेतलं.

१८ मे. सकाळी घमेल्यात थोडं सिमेंट कालवून टाकीमागे गेले. खांबाच्या बोल्टांची भोकं तशीच राहिली असती तर पावसात खालच्यांच्या घरात गळती झाली असती. सगळी बुजवली, थापीने सपाट केली. ओल होती तोवर ती जागा गडद, वेगळी दिसत होती. ऊन चढलं तशी फिकटत जाऊन गच्चीच्या रंगाला मिळाली. काळ जागा अशाच बुजवतो, घाई न करता. त्या नेमक्या कुठे होत्या, एवढं ध्यानात ठेवणं मागे राहिलेल्याच्या वाट्याला येतं.