दोन इंच सैल

माझी नात अकराव्या वर्षीच माझ्या डोक्यावरून बघायला लागली. शेजारपाजारचे तिला शिडी म्हणायचे. मी म्हणायचे, म्हणू देत, खुज्यांची मान दुखते वर बघून.

एकोणिसाव्या वर्षी तिने ठरवलं, मॉडेल व्हायचं, आणि तेही परदेशात. इथल्या दोन एजन्सींनी तिच्या नाकाकडे बघूनच फाइल परत दिली होती. तिकडे म्हणे असलेच चेहरे लागतात. तिथल्या एजन्सीने एकदा पदरात घेतलं की काम तेच आणून देतात. पण आधी फोटो आणि मापं पाठवायची. फोटो साधे, कोऱ्या भिंतीपुढे, तोंडाला पावडरसुद्धा नाही.

"आई, पासपोर्टच्या फोटोलाही आपण याहून नटतो," सून म्हणाली. फोटो तिने काढले. मापं मी घेतली. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवतेय. सही करताना माझा हात अडखळतो, आकडा लिहिताना नाही.

पाच ठिकाणी फाइल गेली. तिघांनी उत्तरच दिलं नाही, एकाने नाही म्हटलं. पाचव्या एजन्सीचं पत्र सुनेने मोठ्याने वाचून दाखवलं. चेहरा आवडला, उंची आवडली, सीटचं, म्हणजे कंबरेखालचं, माप दोन इंच कमी झालं की नवे फोटो पाठवा, करार करू.

शिडीने आईला उचलून गरकन फिरवलं. माझे पाय मशीनवर थांबले.

कपड्याचं माप लिहिताना सीटला मी अंगाच्या मापापेक्षा दोन इंच सैल धरते. नाहीतर बाईला खाली बसता यायचं नाही. हात आपोआप तेच लिहून गेला होता. पोर मुळातच त्यांच्या मापाची होती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण समोर सून, दारात दोन गिऱ्हाइकं, आणि माझं माप चुकलं असं आजवर कुणाची म्हणायची छाती झाली नव्हती. म्हटलं, आठ दिवसांनी टेप लावू, कमी झालं म्हणू, विषय संपला.

आठ दिवसांनी टेप काढला तर पोरगी लांब सरकली. "आत्ता नको आजी. तू लाडाने टेप आवळशील."

"मी कुणाचे लाड केलेत गं आजवर?"

"माझेच."

दुपारी अर्धी काकडी, संध्याकाळी नुसतं गरम पाणी. सून रडकुंडीला आली. मी ओरडले, ताट आपटलं, तिच्या त्या एजन्सीच्या सात पिढ्या काढल्या. खरं तेवढं सांगितलं नाही. रोज सकाळी उठून ठरवायचे, आज सांगते, आणि रोज कुणीतरी घरात असायचं.

सहाव्या आठवड्यात ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. दुसऱ्या दिवशी स्वतःच पुढ्यात येऊन उभी राहिली. "आता मोज." टेपखाली हाडं लागली. या वेळी अंगाचंच माप लिहिलं, सैल काही धरलं नाही. फोटो गेले. चार दिवसांत उत्तर आलं: मुलगी आजारी दिसते, अशी मुलगी आम्ही घेत नाही, शुभेच्छा.

मग मी सांगितलं, सुनेच्या देखत.

"म्हणजे पहिल्याच दिवशी मी बरोबर होते?"

"होतीस."

"आणि तुला कधी कळलं?"

"पत्र वाचलं तेव्हाच."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "त्यांना लिही, चूक आजीची होती म्हणून." तिने लिहिलंही. उत्तर आलं नाही.

आता जेवते, पण चार घास. हातात पोळी धरून मध्येच थांबते आणि कुठेतरी बघत बसते.

मागच्या महिन्यात नवा ड्रेस घालून आली. चौकातल्या शिंप्याकडे शिवला म्हणाली. खांद्यावर फुगा, पाठीत चुणी, गळा एकीकडे ओढलेला.

"छान आहे," मी म्हटलं.