ताईने पोचवलेला निरोप

दवाखान्याच्या धुलाईखात्यात दिवसभर चादरींच्या घड्या घालून ताईचे खांदे भरून यायचे. घरी यावं तर सोफ्यावर धाकटा भाऊ तोंड पाडून बसलेला. बायकोवर हात उचलला म्हणून कोर्टाने त्याला घराबाहेर काढलं होतं. घराच्या आसपास फिरकायचं नाही, तिच्याशी कसलाही संपर्क ठेवायचा नाही, असा मनाई हुकूम. रविवारी लेकीला भेटायची तेवढी मुभा, आणि तिची ने-आण ताईने करायची. दोघांच्या मध्ये ताईचं पार भरीत झालं होतं.

त्या रविवारी ती निघताना भाऊ म्हणाला, "तिला एवढंच सांग, नव्या दाराला रंग छान दिलाय."

ताईला बरंच वाटलं. निदान गोड तरी बोलतोय! वहिनीने दार उघडलं तशी ती म्हणाली, "तो म्हणत होता, दाराचा रंग छान आहे गं."

वहिनीच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. तिने लेकीला आणि ताईला आत ओढलं आणि कडी घातली.

"ताई, जुनं दार त्यांनी लाथेने मोडलं होतं. हे परवा बसवलंय. तेव्हापासून पोरगी त्यांना भेटलेली नाही. मग त्यांना रंग कसा कळला?"

ताईने वळून त्या दाराकडे पाहिलं.

"आज पोरीला पाठवत नाही," वहिनी म्हणाली. "आणि तुम्ही हे कोर्टात सांगाल का? माझ्या एकटीच्या बोलण्यावर तिथले लोक म्हणतील, हिला भास होतात."

"तो माझा भाऊ आहे गं."

"माहितीये." वहिनीने कडी पुन्हा एकदा तपासली.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ताई कोर्टातल्या मदत कक्षात गेली. तिथल्या बाई डोळे चोळत ऐकत होत्या. ताईच्या आधी बरेच जण रडून गेले असावेत.

"निरोप तर चांगलाच होता," ताई म्हणाली.

"शब्द चांगले असले तरी तो संपर्कच. स्वतः, फोनवरून किंवा दुसऱ्याच्या तोंडून, काहीच चालत नाही. शिवाय तो घरापाशी जाऊन आलाय."

"आणि उद्या तिनेच त्याला चहाला बोलावलं तर?"

"तरी तो गेला, तर हुकूम त्यानेच मोडला. हुकूम त्याच्यावर आहे, तिच्यावर नाही. तिला नको असेल तर कोर्टाकडून बदलून घ्यायचा."

"मग निरोप पोचवला म्हणून मी गुन्हेगार का?"

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं? तुम्ही साक्षीदार."

त्यापेक्षा गुन्हेगार ठरणं परवडलं असतं, असं ताईच्या मनात आलं. गुन्हेगाराला निदान स्वतः काही ठरवावं लागत नाही. तिने पाणी मागितलं, ग्लास रिकामा केला आणि म्हणाली, "घ्या लिहून."

घरी येऊन तिने भावाला तोंडावर सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "मी फक्त लांबून बघत होतो. स्वतःचं घर बघायचं नाही?"

"तुला बघायचं होतं, आणि बघितलंस हे तिला कळवायचंही होतं. त्यासाठी माझं तोंड वापरलंस."

"सख्खी बहीण ना तू?"

"म्हणून तर इतके दिवस माझ्या सोफ्यावर होतास."

तो त्याच संध्याकाळी मित्राकडे गेला. जाताना दार आपटलं नाही, हेही ताईच्या लक्षात आलं. तो रागावर ताबा ठेवू शकत होता. बायकोसमोरच ठेवत नव्हता.

कोर्टाने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पुन्हा तिकडे फिरकलास तर कोठडी, असं बजावलं. लेकीची भेट आता एका केंद्रात, तिथल्या माणसांच्या देखरेखीखाली ठरली. मावशीने ताईशी बोलणं टाकलं. काकाने फोनवर कुळाचा उद्धार केला. ताईने फोन कानापासून लांब धरून भाजी चिरली.

एका रविवारी वहिनीचा फोन आला. आभार वगैरे काही मानले नाहीत. म्हणाली, "पोरगी आत्या आत्या करतेय. याल का?"

"येईन गं," ताई म्हणाली. "पण आज नको. आज मला नुसतं पडून राहू दे."

"राहा," वहिनी म्हणाली. "मीपण तेच करतेय."