शालनबाईंनी दिलेलं नाव

रावेतला, जुन्या गावठाणाच्या खाली, पवनेच्या काठाला एक पाणथळ जागा होती. एक कंपनी, पालिका आणि गावातल्या बायका यांनी मिळून ती जपायची असं ठरलं, तेव्हा बायकांना गोळा केलं ते शालनबाईंनी. दर रविवारी त्या गुडघाभर चिखलात उतरून जलपर्णी ओढायच्या. हळूहळू पाणी मोकळं झालं, काठाला लव्हाळा धरला, पाणकोंबड्या पिल्लं घेऊन फिरायला लागल्या.

मग एका सकाळी तिथं राडारोड्याचा डंपर रिकामा होताना दिसला. मागं दुसरा उभाच होता. शालनबाई त्याच्या आडव्या गेल्या.

"कुणाचा हाय रं डंपर?"

ड्रायव्हर ओशाळला. "मावशी, रणजीतभाऊंचाच की."

रणजीत म्हणजे त्यांचा थोरला.

तो जेवायला बसला तेव्हा त्यांनी विचारलं. त्यानं मान वर केली नाही.

"आई, तिथं भराव पडणारच हाय. मी न्हाई टाकला तर दुसरा टाकंल."

"तिथं तुझी आई उतरती, ठावं हाय न्हवं?"

"म्हणून तर सांगतोय. आता उतरू नगंस."

त्यांनी कंपनीतल्या दिव्या मॅडमना फोन लावला. "तक्रार करावी लागेल, मावशी," दिव्या म्हणाली, "आणि नाव द्यावं लागेल."

शालनबाईंनी पालिकेत जाऊन रणजीतचं नाव दिलं.

डंपर जप्त झाले आणि लगेच सुटलेही. पडलेला भराव मात्र कुणी उचलला नाही. रणजीत बायको-पोरीला घेऊन फ्लॅटवर राहायला गेला. नातीला आजीशी फोनवरसुद्धा बोलू देईना. रविवारी बायका येईनाशा झाल्या. कितीतरी जणींची पोरं रणजीतच्याच गाड्यांवर होती. कुसुमताई तर तोंडावर बोलली, "पोटच्या पोराला जिनं सोडलं न्हाई, ती आमाला सोडंल व्हय?"

गावात वाद आहेत म्हणत कंपनीनंही अंग काढून घेतलं.

दिवाळीच्या तोंडावर दिव्याचा फोन आला.

"मावशी, आमच्या अहवालात तुमचा चिखलातला फोटो घेतोय. चालेल ना?"

"खाली काय लिवलंय?"

"पाणथळ पुनरुज्जीवित. म्हणजे पुन्हा जिवंत केली."

शालनबाईंनी दारातून खालच्या भरावाकडं पाहिलं.

"येऊन बघा की एकदा," त्या म्हणाल्या.

"नक्की, मावशी. वेळ मिळाला की येते."